अल्फा वाढव

"पाटल्या काढ," तात्या म्हणाले.

"तात्या, लग्नाला अजून महिना नाही झाला. सासूबाईंनी मोकळे हात बघितले तर..."

"पॅनेलवर सासूबाई बसणार हायत का तू? काढ. मंगळसूत्र ड्रेसच्या आत टाक. हिरव्या बांगड्या र्‍हाऊ देत, काच वीज वाहत न्हाय."

मी पाटल्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवल्या. मग त्या खुर्चीत बसले. लाकडी खुर्ची, एक पाय जरा आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. पण मला तर सिंहासनावर बसल्यासारखं वाटलं. सहा महिने मी त्या खुर्चीकडे दारातूनच बघत होते.

विमानतळाचं नाव मुद्दामच सांगत नाही. माळावरचा छोटा विमानतळ, रोज रात्री एकच विमान यायचं. तात्या म्हणजे मुळीक, आमच्या दिवे विभागाचे मुख्य. त्यांची नोकरी तीस वर्षांची, माझी सहा महिन्यांची. आयटीआय झालेली, तेवीस वर्षांची, त्या विभागातली पहिलीच बाई. सहा महिने मी मैदानावर गुडघ्यांवर बसून दिव्यांच्या काचा पुसल्या, गवत कापलं, विंचू मारले. पॅनेल मात्र तात्या कोणाला द्यायचे नाहीत. दिवे लावायचे तेही तेच आणि रात्री शेवटी काय करायचं तेही तेच. त्या दिवशी मैदानातली कामं बघणारा त्यांच्या हाताखालचा माणूस रजेवर गेला होता, तात्यांनाच मैदानात जावं लागणार होतं, म्हणून पॅनेलवर माझी वर्णी लागली.

"ऐक नीट," तात्या म्हणाले. "इमान उतरलं की धावपट्टी सोडून गाडीवानी चालत येतं, इथं टर्मिनलपाशी. यायच्या वाटा दोन, अल्फा आन ब्राव्हो. कडेनं निळे दिवे. रातच्याला वैमानिकाला जमीन दिसत न्हाय, आपलं निळं दिवं दिसतात. दिवं जातील तिकडं तो जातो."

"आणि दिवे गेले तर?"

"तर त्याचा पाय ब्रेकवर जातो. म्हणून सांगतो, चुकीच्या दिव्यापरीस अंधार बरा. कळलं?"

"कळलं. आणि हे बटण?"

"शून्य ते पाच. आकडा मोठा, उजेड मोठा. ब्राव्हो दोनावर हाय, तिथंच ठेव. आन इमान जमिनीवर असताना टॉवरला विचारल्याबिगर एकबी बटण फिरवायचं न्हाय. घरात आग लागली तरी न्हाय."

"लागली तर निदान मी तरी बाहेर पळू का?"

"तू लई बोलतीस, रत्ना."

बोलत होतेच. आजही बोलते. पण त्या संध्याकाळी मी आधीच एकदा ओरडा खाल्ला होता. टेबलावरचा तपासणीचा दिवा दाखवून मी सहज विचारलं होतं, "तात्या, हा विझवू का?" तर ते असे फिरले माझ्यावर, जणू मी घरच्या देवालाच शिवी दिली! "तिन्हीसांजेला असलं त्वांडातनं काढू नगंस." दिवे लावताना ते हात जोडायचे. पॅनेलला नमस्कार करून मगच पहिलं बटण फिरवायचे. त्यामुळे मी ठरवलं, आज गप्प बसायचं. सांगतील तेवढंच करायचं, फालतू प्रश्न विचारायचे नाहीत.

आता चराचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. अल्फाची वाट त्या महिन्यात बंद होती. पावसाचं पाणी साचतं म्हणून तिच्या मधोमध आडवा चर खणला होता, पाइप टाकायला. दोन पुरुष खोल. ठेकेदाराने काठावर सहा लाल कंदील ठेवले होते. ते ठेवायला हवे होते अल्फाच्या तोंडाशी, धावपट्टीजवळ, म्हणजे कोणी आत वळणारच नाही. पण तिथून त्याचे ट्रक आत यायचे, म्हणून त्याने कंदील नेऊन ठेवले थेट चराच्या काठावर. तात्या त्याच्याशी रोज भांडायचे, तो रोज "उद्या हलवतो" म्हणायचा. सहापैकी दोनच जळत होते.

चर खणताना अल्फाच्या दिव्यांची केबल तुटली होती. ती त्या दिवशी तात्यांनी जोडली आणि दिवे लागतात का बघायला अल्फाही एकावर लावली होती. संध्याकाळपासून ती लाव, थांब, परत लाव, असं चाललं होतं.

आठ वाजून गेले. तात्या जीप घेऊन मैदानात होते. मी एकटी, समोर पॅनेल, बाजूला खिडकी, खिडकीतून लांबवर निळे ठिपके. इतकं सुंदर दिसत होतं! आईला एकदा आणून दाखवायचं, असं मनात आलं.

वॉकीटॉकी खरखरला. "रत्ना."

"बोला, तात्या."

"अल्फाचं समदं दिवं लागलं. जोड चांगला बसलाय. मी आता पट्टीच्या पल्याडच्या टोकाला जातो, तिथला एक लाल दिवा मिचमिच करतोय. तू अल्फा वाढव."

मी अल्फाचं बटण धरलं. एकावरून दोन, तीन, चार, पाच. यंत्राचा घूं आवाज चढला आणि खिडकीबाहेर अल्फाची वाट अशी उजळली, की बाजूची ब्राव्हो बिचारी मिणमिणती दिसायला लागली.

"वाढवला, तात्या."

"शाब्बास!"

त्या शाब्बासकीने मी इतकी फुगले की विचारू नका. तेवढ्यात मनात आलं, विमान यायची वेळ झाली, बंद वाटेला एवढा उजेड कशाला? विचारावं का? पण लगेच वाटलं, नको बाई. जोड बघायचा असेल पूर्ण जोरावर. विचारलं तर म्हणतील, लई बोलतीस. जन्मभर जीभ आवरली नाही आणि नेमकी त्या रात्री आवरली!

पल्याडच्या टोकाला जाताना तात्यांची पाठ इकडे. आणि तिथे पोचल्यावर मध्ये अग्निशमन केंद्राची इमारत येते, अल्फा दिसतच नाही.

वीस मिनिटांनी विमान उतरलं. आवाज आला तशी मी आनंदाने खुर्चीत सावरून बसले. माझ्या दिव्यांवर उतरलेलं पहिलं विमान! तेवढ्यात दारातून सगुणामावशी चहा घेऊन आल्या. कॅन्टीनच्या मावशी, साठीच्या, तोंडाचा पट्टा माझ्याहून जोरात.

"घे गं साहेबीण, आलं टाकलंय."

"मावशी, या या, विमान बघा!" मी उठले आणि खिडकीकडे वळले, तर हात पॅनेलच्या लोखंडी दारावर खाडकन आपटला. हिरव्या बांगड्यांपैकी एकीचे दोन तुकडे झाले. मनगटातून रक्ताचा थेंब आला.

"अगं बया! वाढवलीस की बांगडी!" मावशी म्हणाल्या. "नवी नवरी तू, जपून की जरा."

"काही नाही हो, एकच फुटली."

"फुटली म्हणू नये. वाढवली म्हणावं."

मी हसले. हसता हसता माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

"मावशी, काय म्हणालात?"

"वाढवली. बांगडी वाढवली, दुकान वाढवलं, दिवा वाढवला. तुझ्या आयशीनं शिकवलं न्हाई व्हय?"

दिवा वाढवला.

देवा! तात्या दिव्याला "विझव" म्हणत नाहीत. "बंद कर" म्हणत नाहीत. तात्यांनी मला अल्फा बंद करायला सांगितली होती. आणि मी ती पाचावर नेऊन ठेवली होती. वर "वाढवला" म्हणून कळवलंही होतं!

मी खिडकीला नाक लावलं. विमानाचा पुढचा पांढरा दिवा धावपट्टीवरून हळूहळू येत होता. पुढे ब्राव्होपर्यंत जायला हवा होता. तो थांबला, जरा घुटमळला, आणि वळला. अल्फात वळला. माझ्या लखलखीत निळ्या दिव्यांच्या मधून, सरळ चराच्या दिशेने.

तोंडापासून चरापर्यंत अडीचशे मीटर. मी तिथे काचा पुसल्या होत्या, मला पावलांनी पाठ होतं. विमानाला तेवढ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

मी टॉवरचा फोन उचलला. "टॉवर, अल्फा! विमान अल्फात..."

"एक मिनिट थांबा, पॅनेल," टॉवरमधले पेंढारकर म्हणाले. त्या रात्री दुसरीकडे धुकं होतं म्हणून तिथलं एक विमान आमच्याकडे वळवलं होतं आणि ते त्याच्याशी रेडिओवर बोलत होते. फोन नुसताच कानाला, पलीकडे इंग्रजी आकडे.

विमान जमिनीवर असताना विचारल्याबिगर एकबी बटण फिरवायचं न्हाय. हे एका कानात. आणि दुसऱ्या कानात, चुकीच्या दिव्यापरीस अंधार बरा.

"अगं, झालं काय? पांढरी फटक पडलीस," मावशी म्हणाल्या.

मी फोन टाकला आणि अल्फाचं बटण दोन्ही हातांनी धरून पाचावरून शून्यावर फिरवलं. चार, तीन, दोन, एक, खट्. यंत्राचा आवाज बसला. खिडकीबाहेर निळी वाट एका क्षणात नाहीशी झाली. राहिला फक्त तो पांढरा दिवा. तो अजून पुढे येत होता.

"थांब," मी म्हणाले. "थांब रे बाबा, थांब. तुझ्या पाया पडते, थांब."

मावशींना काही माहीत नव्हतं, तरी त्याही माझ्याबरोबर म्हणायला लागल्या, "थांब रे, थांब रे लेका."

आणि निळा उजेड गेल्यावर मला ते दिसले. पांढऱ्या दिव्याच्या पुढ्यात, जमिनीलगत, दोन लाल ठिपके. ठेकेदाराचे दोन कंदील. इतका वेळ ते माझ्या झगझगाटात हरवून गेले होते.

पांढरा दिवा खाली वाकल्यासारखा झाला. जोरात ब्रेक दाबला की विमानाचं नाक तसं खाली जातं. मग तो वर आला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"थांबलं!" मी किंचाळले. मावशींच्या गळ्यातच पडले. चहाचा कप कुठे गेला देव जाणे. "मावशी, थांबलं! थांबलं!"

"थांबलं की! थांबणारच!" मावशीही नाचत होत्या. "पण व्हतं काय ते?"

पाच मिनिटांत तात्यांची जीप दाराशी करकचून थांबली. तात्या धापा टाकत आत आले. टोपी नाही, तोंडावर घाम. त्यांनी पॅनेल बघितलं, मला बघितलं.

"रत्ना, अल्फा वाढवलास म्हणालीस न्हवं तू?"

"वाढवला, तात्या. दोनदा वाढवला." माझी जीभ परत जाग्यावर आली होती. "आधी माझ्या भाषेत, मग तुमच्या."

तात्यांना कळलं. ते भिंतीला धरून खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आई गं! आई गं! काय बोलून बसलो मी."

"उठा तात्या. विमान उभं आहे. सगळं उभं आहे."

छोटं असलं तरी विमानाला मागे जाता येत नव्हतं. म्हणून माणसं तिथेच उतरवायची ठरलं. मी, तात्या आणि अग्निशमनवाले टॉर्च घेऊन धावलो. वैमानिक आधीच खाली उतरून विमानाच्या नाकापाशी उभा होता. कॅप्टन सरंजामे, पन्नाशीचा उंच माणूस. तो विमानाच्या पुढच्या चाकापासून चरापर्यंत पावलं टाकत आला.

"चौदा," तो म्हणाला. "चौदा पावलं. निळे दिवे कोणी घालवले?"

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी बोलायला तोंड उघडलं, "साहेब, लावलेही मीच होते, चूक..."

"ते उद्या सांगा, ज्यांना सांगायचं त्यांना. मला टॉवरने ब्राव्होच सांगितलं होतं. अल्फा बंद आहे हे कागदावरही वाचलं होतं मी. पण समोर बघतो तर ब्राव्हो अंधुक आणि अल्फावर दिवाळी. वाटलं, ऐकण्यात आपलीच गडबड झाली." त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली. "दिवे गेले आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग ते दोन लाल दिसले. आणखी चार सेकंद उशीर केला असतात, बाई, तर..."

त्याने मला हात जोडले. तात्या पॅनेलला जोडायचे तसेच, कपाळापर्यंत नेऊन.

अठ्ठेचाळीस माणसं उतरली. मी टॉर्च दाखवत त्यांना टर्मिनलकडे घेऊन चालले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. एक बाई झोपलेल्या लेकराला खांद्यावर टाकून चालली होती. एक सूटवाले गृहस्थ मात्र पहिल्यापासून चिडलेले.

"काय हो ताई, भर माळावर उतरवता? ही काय पद्धत झाली? मी तक्रार करणार आहे."

"करा की साहेब!" मी म्हणाले. "आत वही आहे, मी पेन देते. चांगली दोन पानं भरून करा."

"हसताय काय?"

हसत होते खरी. रडतही होते, पण अंधारात ते त्यांना दिसलं नसेल. तो माणूस धडधाकट चालत होता, भांडत होता, घरी जाऊन बायकोलाही चार शब्द सुनावणार होता. त्याची तक्रार मला इतकी गोड वाटली की त्याची बॅगसुद्धा मीच उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे वरिष्ठ खर्शीकर साहेब यांच्यापुढे चौकशी. साहेब कधी हसल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मी रात्रभर झोपले नव्हते. खुर्ची तर गेलीच, नोकरीही जाणार, असं धरून आले होते.

"विमान जमिनीवर असताना टॉवरच्या परवानगीशिवाय दिवे घालवलेत?"

"परवानगी मागितली, साहेब. ते म्हणाले एक मिनिट थांबा. माझ्याकडे एक मिनिट नव्हतं."

पेंढारकरांनी मान खाली घातली. "बरोबर आहे, साहेब. अल्फा पेटलेली मलाही दिसत होती. मला वाटलं, संध्याकाळपासून चाललंय तेच टेस्टिंग."

"मुळीक, तुम्ही हिला नेमकं काय सांगितलंत? शब्द सांगा."

"अल्फा वाढव."

"मग तिने वाढवली!" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "त्या पॅनेलवर वाढव म्हटलं की कोणीही उजेडच वाढवेल."

"व्हय साहेब. चूक माझी. तीस वर्षं एकट्यानं पॅनेल चालवलं, कुणाला सांगायचा वकूतच आला न्हाय. शिक्षा मला करा."

"न विचारता फिरवलं ती मी," मी म्हणाले. "मनात शंका आली होती, तरी विचारलं नाही."

"तू गप र्‍हा, रत्ना."

"रोज लई बोलतीस म्हणता, आणि आज बोलायचं तर गप्प राहू?"

"दोघंही गप्प बसा!" साहेब ओरडले. मग बराच वेळ कागदावर लिहीत बसले. माझं मनगट पट्टीखाली ठुसठुसत होतं.

"ठेकेदाराचे कंदील आज दुपारच्या आत अल्फाच्या तोंडाशी जातील, नाहीतर त्याचे ट्रक आत येणार नाहीत," ते लिहिता लिहिताच म्हणाले. "मुळीक, तुम्हाला लेखी समज. बाई, नियम मोडला म्हणून तुम्हालाही लेखी समज. ती फायलीला लागेल."

"हो साहेब."

"आणि आजपासून पॅनेलची रात्रपाळी तुमच्याकडे. कायमची. नियम केव्हा मोडायचा हे कळणारं माणूस मला त्या खुर्चीत हवं आहे."

मला ऐकू आलं, पण खरं वाटेना. मी तात्यांकडे बघितलं. तात्यांचे डोळे भरले होते आणि ते छताकडे बघत होते.

"शेवटचं," साहेब म्हणाले. "यापुढे पॅनेलवर फक्त आकडे बोलायचे. अल्फा शून्य, अल्फा पाच. ऐकणाऱ्याने तोच आकडा परत म्हणायचा. तशी पाटी लावा. वर मोठ्या अक्षरात लिहा, या खोलीत 'वाढव' हा शब्द बंद."

तात्यांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी घसा खाकरला. "साहेब, बाकी समदं मान्य. पर दिव्यांच्या खोलीत तेवढं बंद नगा लिहू."

"मग काय लिहू?"

"वाढवला म्हणा की."

आधी पेंढारकर फुटले, मग मी, आणि मग खर्शीकर साहेब, खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर त्यांनी पेन उचललं, 'बंद' हा शब्द खोडला आणि तात्या म्हणाले तसं लिहिलं.

सदतीस वर्षं झाली. पॅनेल तीनदा बदललं, खुर्ची बदलली, मीही पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. पाटी तीच आहे. नवी पोरंपोरी पहिल्या दिवशी येतात, वर बघतात, दोनदा वाचतात आणि विचारतात, "मॅडम, ही पाटी चुकीची लिहिलीय का?"

"बस," मी म्हणते. "हातात सोनं असेल तर आधी काढ. मग सांगते."